साहेब फार तापट आहेत

ती गेल्याचं कळलं तेव्हा रेडिओ कपाटात बसून कपडे धुण्याच्या मशीनबद्दल बोलत होता.

रेडिओ म्हणजे माणूसच. वय सदुसष्ट, अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की डोळे मिटून ऐकलं तर समोर भरघोस मिशांचा सहा फुटी जमीनदार उभा आहे असं वाटावं. हे नाव त्याला बायकोने लग्नानंतर महिन्याभरातच दिलं, कारण तो उठल्यापासून बोलायचा आणि बंद करायचं बटण तिला सापडत नव्हतं. लेकीने दोघांना परदेशात बोलावून घेतलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. बोलणार कोणाशी? शेजारी हसून मान हलवायचे, तेवढंच. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो रेडिओ, दिवसभर फुकट वाजताय. निदान पैसे घेऊन तरी वाजा." बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटात, तिच्या साड्या आणि दोघांचे थंडीचे कोट यांच्या मधोमध, तिने एक स्टूल, एक माईक आणि एक लॅपटॉप मांडला आणि जाहिराती, माहितीपत्रकं वाचून त्यांना आवाज देण्याच्या धंद्याला त्याला लावलं. भोवती कपडे असले की आवाज घुमत नाही. सुती साड्या असल्या तर आणखी बरं, हे दोघांना अनुभवाने कळलं होतं. अशी अकरा वर्षं झाली.

त्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये होती. न्यूमोनिया. चौथा दिवस होता आणि डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत घरी सोडू. सकाळी तिनेच त्याला घालवून दिलं. नाकाला नळी, तरी म्हणाली, "बारापर्यंत फाईल पाठवायचीय ना? मग इथे माझं तोंड काय बघत बसलाय? जा. आणि फोन बंद करून बसा, मागच्या वेळी मधेच वाजला होता."

त्याने फोन बंद केला. हॉस्पिटलने त्याला तीनदा फोन लावला, मग लेकीला लावला. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. तिने बापाला सात वेळा लावला आणि शेवटी इमारतीच्या केअरटेकरला. केअरटेकरने वर येऊन बेल वाजवली. रेडिओ पान चारवर होता. "मशीन सुरू असताना झाकण उघडण्याचा प्रयत्न करू नका." बेल ऐकून तो वैतागला आणि रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून, हेडफोन गळ्यात घेऊन दार उघडायला गेला. केअरटेकर टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने स्वतःचा फोन पुढे केला. फोनवर लेक होती.

"बाबा," ती म्हणाली, "आई गेली."

तिसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, रेडिओ कपाटात गेला आणि ती फाईल त्याने काम देणाऱ्या देशातल्या एजन्सीला पाठवून दिली. ऐकली नाही, कापली नाही. तिने पाठवा म्हणून सांगितलं होतं, म्हणून पाठवली. दहाव्या दिवशी एजन्सीकडून मेल आलं, मॅडमच्या पत्त्यावर.

"मॅडम, नमस्कार. फाईल छान आहे. फक्त पान चारवर बेल ऐकू येते. त्यानंतर एक तास पंधरा मिनिटं साहेब काहीच बोलत नाहीत. हे मुद्दाम आहे का? त्यांची हरकत नसेल तर पान चारपासून पुढचं पुन्हा मिळेल का? हरकत असेल तर आम्ही बघतो काहीतरी."

मॅडम म्हणजे बायको. तिकडे देशात ती बँकेच्या काउंटरवर तेवीस वर्षं होती आणि 'उद्या या' म्हणण्यात तिचा हात कोणी धरला नसता. इकडे आल्यावर ती त्याची मॅनेजर झाली. मेल तिच्याच पत्त्यावर यायचं, दर तीच ठरवायची, भांडायची तीच. रेडिओला यातलं काही जमत नसे. भाजीवाल्याने वीस सांगितले तर हा पंचवीस देऊन यायचा, वर विचारायचा, "परवडतं ना तुम्हाला?" म्हणून तिने घरात एक पद्धत घालून दिली होती. कामाचं जे काही विचारायचं ते मेलवर विचारायचं. दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असले तरीसुद्धा. "घरात तुम्ही माझे नवरे," ती म्हणायची, "मेलवर माझे कलाकार. कलाकाराला मी नाही म्हणू शकते."

एजन्सीचं ते मेल लेकीनेही वाचलं. "बाबा, सांगून टाका त्यांना. दोन ओळी लिहा."

रेडिओने लिहिल्या. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की.' आणि सवयीप्रमाणे पाठवण्याआधी मोठ्याने वाचून बघितल्या. आजवर तो काय काय वाचून मोकळा झाला होता! पायाला भेगा पडल्यावर लावायचं मलम, विम्याच्या अटी, अठरा मिनिटांचा ड्रेनेजचा माहितीपट, आणि तोही एका दमात. ही दोन ओळींची गोष्ट मात्र 'होते की'च्या पुढे जाईना. तीनदा प्रयत्न केला. मग त्याने सगळं खोडलं आणि बायकोच्या मेलवरून एवढंच लिहिलं, "पुन्हा मिळेल." तिकडून लगेच उत्तर आलं, "धन्यवाद मॅडम!!" आणि अशा रीतीने एजन्सीपुरती मॅडम ठणठणीत राहिली.

*

लेकीने महिनाभर वाट पाहिली. मग एके रविवारी ती येऊन टेबलापाशी बसली. हातात कागद होता. ती आईची लेक होती, कागदाशिवाय बोलत नसे.

"बाबा, माझ्याकडे चला. एक खोली रिकामी आहे."

"तुझ्या खोलीत कपाट केवढं आहे?"

"कपाटाचं काय मधेच?"

"आवाज घुमेल."

"घुमू दे. काम करायचंच कशाला आता? हे घर दोघांच्या हिशोबाने घेतलंय. आई तुमची कामं आणायची, त्यातून अर्धं भाडं निघायचं. आता कोण आणणार? तुम्ही? तुम्ही तर ऑटोमॅटिक मशीनमधून तिकीट घेतलं तरी त्याला थँक्यू म्हणता."

"त्यात काय चुकलं?"

"काही नाही चुकलं." तिला हसू आलं, मग डोळे भरले, मग तिने दोन्ही आवरलं. "असं करू. हा महिना बघू. अखेरपर्यंत एक काम, फक्त एकच, स्वतःच्या तोंडाने दर सांगून घ्या. नीट दर. शंभर-दीडशेवर ऐकायचं नाही. जमलं तर राहा इथेच. नाही जमलं तर एक तारखेला मी घर सोडायची नोटीस देणार. कबूल?"

रेडिओने घराकडे बघितलं. खिडकीवर तिचं चष्म्याचं घर होतं. ओट्यापाशी ती जिथे उभी राहायची तिथली फरशी बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झाली होती.

"कबूल," तो म्हणाला. म्हणताना आवाज जमीनदारासारखाच आला.

दुपारी मेहुणीचा फोन आला. "भावजी, ताईच्या साड्या पडून आहेत म्हणे कपाटात. कोणाला तरी देऊन टाका, नेसतील तरी."

"साड्या काढल्या की आवाज घुमतो," रेडिओ म्हणाला.

"ही काय सबब झाली?"

सबब नव्हती, आणि होतीही. दोन्ही मेहुणीला सांगत बसण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, "बघतो."

*

काम आलं ते लिफ्टचं.

गंमत अशी होती की लिफ्ट बनवणारी कंपनी याच शहरातली. तिचं ऑफिस रेडिओच्या घरापासून बसने तीन थांब्यांवर. पण तिला आपल्या लिफ्ट तिकडे देशात विकायच्या होत्या आणि त्या मराठीत बोलायला हव्या होत्या. म्हणून इथल्या कंपनीने तिकडच्या एजन्सीला काम दिलं आणि तिकडच्या एजन्सीने ते पुन्हा इकडे, तीन थांब्यांवर, रेडिओच्या कपाटात धाडलं. एकूण शब्द एकावन्न. 'दरवाजा उघडत आहे. दरवाजा बंद होत आहे. वजन जास्त झाले आहे, कृपया एका व्यक्तीने बाहेर पडावे.' मग मजल्यांचे आकडे. शेवटी, लिफ्ट अडकली तर, 'घाबरू नका. मदत येत आहे.' मेलच्या खाली एजन्सीच्या समन्वयक बाईंनी लिहिलं होतं, "मॅडम, शब्द फारच थोडे आहेत, त्यामुळे शंभर ठीक होतील ना?"

परदेशात राहून हे काम करणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी होते. तिकडचे म्हणतात, तुम्ही काय बुवा, तिकडे राहता, तुम्हाला कसली कमी, आमचा दर घ्या. इकडचे म्हणतात, तुमच्या भाषेचं काम तुमच्या देशात निम्म्यात होतं, मग तुम्हाला इथला दर का द्यायचा? बायको तिकडच्यांना विचारायची, "इथलं विजेचं बिल तुम्ही भरता का?" आणि इकडच्यांना सांगायची, "मग तिकडूनच करून घ्या." दोघंही मुकाट्याने पैसे द्यायचे. पण नेमके किती द्यायचे? त्याचं दरपत्रक रेडिओने घरभर शोधलं. ड्रॉवर बघितले, पर्स बघितली, कॅलेंडरची मागची पानं बघितली. एका डब्यात त्याच्याच जुन्या चष्म्याच्या चार काड्या सापडल्या, दुसऱ्यात जपून ठेवलेले रबरबँड. दर कुठेच नव्हते. दर तिच्या डोक्यात होते.

एक पद्धत त्याला माहीत होती. तो टेबलाशी बसून मजकूर वाचायचा आणि ती स्वयंपाकघरात काम करत ऐकायची. काम थांबवून ऐकलं तर दर साधा. ऐकता ऐकता जांभई आली तर दुप्पट. "मला एवढा कंटाळा आला," ती म्हणायची, "तर तुमचं काय होईल? कंटाळ्याचे पैसे वेगळे." ड्रेनेजच्या माहितीपटाला तिने तिप्पट घेतले होते.

रेडिओ टेबलाशी बसला आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने सगळ्या लिफ्टा चालवल्या. उघडत आहे, बंद होत आहे, पहिला मजला, दुसरा मजला. आतून ना जांभई, ना भांड्याचा आवाज. 'मदत येत आहे' म्हटल्यावर फ्रीज तेवढा सुरू झाला.

मग त्याने अकरा वर्षांच्या सवयीने जे करायचं ते केलं. स्वतःच्या मेलवरून मॅनेजरला लिहिलं, "लिफ्टचं काम आलंय. किती सांगायचे?" पाठवून टाकलं. आणि उत्तराची वाट बघत पाच मिनिटं बसून राहिला.

सहाव्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं. तो उठला, तोंड धुतलं, आणि तिचं मेल उघडलं. सगळ्यात वर जाड अक्षरांत त्याचंच नाव होतं. न वाचलेलं एक.

ते त्याने उघडलं नाही. त्याऐवजी तो तिने पाठवलेल्या जुन्या मेल्समध्ये शिरला. लिफ्टसारखं काही तिने पूर्वी केलं असेल तर बघावं म्हणून. आणि तिथे त्याला स्वतःची ओळख झाली.

"दर वरीलप्रमाणे. कमी होणार नाही. मी विचारून पाहिलं असतं, पण साहेब फार तापट आहेत."

"दुसऱ्यांदा पुन्हा करून मागू नये. मागच्या वेळी साहेबांनी हेडफोन भिंतीवर फेकला होता. नवा घ्यावा लागला. तो या बिलात धरला आहे."

"पैसे शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर मला घरी बोलणी खावी लागतात. तुम्ही स्वतः बाई आहात, जास्त काय लिहू."

रेडिओ वाचतच राहिला. अकरा वर्षं! अकरा वर्षं तो या बाईच्या शेजारी सोफ्यावर बसून रबरबँड सोडवत होता आणि ती तिकडे त्याला भिंतीवर हेडफोन फेकायला लावत होती. फेकलेला हेडफोन त्याला आठवत होता. त्यावर ती स्वतः बसली होती. एका दिवाळीच्या शुभेच्छांखाली तर तिने लिहिलं होतं, "साहेबांचा मूड सध्या बरा आहे, काही कामं असतील तर याच आठवड्यात पाठवा."

आधी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग आपण तापलो हे बघून त्याला हसू फुटलं. तो एकटाच इतक्या मोठ्याने हसला की शेजाऱ्याने भिंतीवर दोनदा वाजवलं. तिला सांगायला हवं होतं. तिला सांगण्यासारखं होतं.

*

आता मॅडमसारखं मेल लिहायचं. नमुने समोर होते, तरीही रेडिओला घाम फुटला. तासाभराने त्याने पाठवलेलं मेल असं होतं.

"नमस्कार. कृपया, शक्य असल्यास, दीडशे चालतील का? नसल्यास शंभरही चालतील. तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या. प्रकृतीची काळजी घ्या."

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

"मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? अकरा वर्षांत तुम्ही मला कधी 'कृपया' लिहिलेलं नाही. हे मेल तुम्ही लिहिलंय असं वाटत नाही. किंवा कोणीतरी बाजूला उभं राहून लिहून घेतलंय. साहेब घरात आहेत का? मोकळेपणी बोलता येत नसेल तर उत्तर देऊ नका, मी समजेन."

रेडिओने ते दोनदा वाचलं. उत्तर दिलं तर काय लिहायचं? नाही दिलं तर ती 'समजणार'. त्याने लॅपटॉप मिटला आणि मिटल्यावर कळलं की हेच उत्तर झालं.

घरात बसवेना. त्याला कालच्या मेल्समधला बायकोचा एक प्रश्न आठवला. रेल्वे स्टेशनवरच्या एका घोषणेसाठी तिने कोणाला तरी सुनावलं होतं, "शब्द किती ते मला सांगू नका. किती कानांवर पडणार ते सांगा. कानाला पैसे." म्हणजे लिफ्ट दिवसातून किती वेळा बोलते ते बघायला हवं. त्याने कपाटातलं स्टूल उचललं, वही-पेन्सिल घेतली आणि तो खाली जाऊन इमारतीच्या लिफ्टसमोर बसला. त्यांची लिफ्टही बोलकी होती. आत एक बाई इथल्या भाषेत दार उघडल्याचं, मिटल्याचं आणि मजल्याचं सांगायची. प्रत्येक वेळी ती बोलली की रेडिओ वहीत रेघ मारायचा.

अर्ध्या तासाने केअरटेकर आला. रेडिओला इथली भाषा कामचलाऊ यायची.

"तक्रार आहे?" केअरटेकरने विचारलं.

"नाही. मोजतो आहे."

"काय?"

"ही किती बोलते ते."

केअरटेकरने लिफ्टकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं. ज्याच्या दारात आपण महिन्यापूर्वी टोपी काढून उभे होतो तोच हा माणूस, हे त्याला आठवलं असावं. तो आत गेला आणि एक कप चहा घेऊन आला. काही न विचारता शेजारी उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आत्ता एक सुटली तुमची. तळमजला म्हणाली ती." रेडिओने रेघ मारली.

तासाला चौऱ्याऐंशी. अशा लिफ्टा, मेलमध्ये लिहिलं होतं, चारशे बसवायच्या. रेडिओने गुणाकार तीनदा केला आणि तिन्ही वेळा शून्यं वहीच्या समासाबाहेर गेली. एवढ्या कानांचे शंभर? दरावरून त्याला पहिल्यांदाच, अगदी मनापासून, थोडा राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. देशातला नंबर.

"साहेब, नमस्कार," पलीकडून आवाज कापत होता. समन्वयक बाई. अकरा वर्षांत तिने रेडिओला थेट फोन कधीच केला नव्हता. "माफ करा हं, तुम्हाला डिस्टर्ब केलं. मॅडमशी बोलायचं होतं जरा."

"त्या घरात नाहीत."

हे खोटं नव्हतं.

"कधी येतील?"

लिफ्टचं दार उघडलं, आतली बाई काहीतरी म्हणाली, दार मिटलं.

"साहेब, आहेत ना त्या तिथे? मी आवाज ऐकला बाईचा."

"ती लिफ्ट आहे."

"हो, हो," ती घाईघाईने म्हणाली. तिला तो टोमणा वाटला. "चालेल. मी नंतर करते."

ती फोन ठेवणार होती. ठेवला असता तर काम गेलं असतं आणि एक तारखेला घरही. रेडिओ स्टुलावरून उठून उभा राहिला.

"दराचं माझ्याशी बोला," तो म्हणाला.

पलीकडे श्वास आत ओढल्याचा आवाज आला. "तुमच्याशी?"

"नऊशे."

आकडा तोंडातून गेला आणि त्याचे कान गरम झाले. आयुष्यात त्याने कोणाकडे एवढे मागितले नव्हते. आता पुढचं वाक्य जिभेवर तयारच होतं, 'पण सातशेही चालतील', आणि त्याच्या पाठोपाठ 'पाचशे दिले तरी हरकत नाही'. पण त्याआधीच बाई बोलली.

"नऊशे म्हणजे... साहेब, राग मानू नका. एकदा मॅडमना विचारता का? त्या बाहेरून कडक असल्या तरी मला नेहमी सांभाळून घ्यायच्या. मी अडचण सांगितली की म्हणायच्या, थांब, साहेबांना झोप लागली की बघते. एकदा विचारून बघा ना त्यांना."

रेडिओने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

विराम हा त्याच्या धंद्यातला भाग. स्वल्पविरामाला अर्धा सेकंद, पूर्णविरामाला एक, परिच्छेद संपला की दोन. तीनच्या वर गेलं तर ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. चार झाले. पाच. सहा. केअरटेकरने त्याच्याकडे बघितलं आणि हातातून गळायला आलेला कप हळूच काढून घेतला. नऊ. दहा.

"साहेब?" पलीकडून अगदी बारीक आवाज.

अकरा.

"ठीक आहे साहेब, नऊशे. मी करून घेते आमच्या साहेबांकडून. त्यांना सांगते, तुम्ही ऐकत नाही. आणि पाच वर्षांनी पुन्हा वापरलं तर पुन्हा निम्मे, मॅडमनी तसं लावून घेतलंय आमच्याकडून, तेही करते. चिडू नका."

"मी चिडलो नव्हतो," रेडिओ म्हणाला. घसा बसलेला, आवाज खर्जात गेलेला. तो असा आला की पलीकडे तिने आणखी एक पाऊल मागे घेतलं असावं.

मग ती म्हणाली, आणि तिला हे म्हणायला काय धीर करावा लागला असेल तो ऐकू येत होता, "साहेब, काम गेलं तरी चालेल, पण एक बोलू का? मी मॅडमना कधी बघितलेलं नाही. पण अकरा वर्षं त्यांची मेल्स वाचते आहे. त्या तुमच्यासाठी किती भांडतात हे तुम्हाला माहीत नाही. त्यांच्याशी जरा नीट वागत जा."

रेडिओने भिंतीला हात टेकला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "वागायला हवं."

"रागावलात?"

"नाही. बरं केलंत सांगितलंत."

*

लेकीला त्याने संध्याकाळी फोन केला.

"नऊशे," तो म्हणाला.

"कसले नऊशे?"

"एकावन्न शब्दांचे."

पलीकडे इतका वेळ शांतता झाली की या वेळी तोच घाबरला. "ठेवलास की काय?"

"नाही. बाबा, खरं सांगा. हे तुम्ही बोललात? तुम्ही? तोंडाने?"

"आकडा तोंडाने सांगितला. बाकी तोंड बंद होतं."

"आईसारखंच केलंत की, तीही आकडा सांगून गप्प बसायची," लेक म्हणाली, आणि मग बराच वेळ हवापाण्याचं बोलली. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "नोटीस देत नाही. पण भाजीवाल्याकडे एकटे जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी रेडिओ कपाटात बसला. दार ओढून घेतलं, फोन बंद न करता फक्त व्हायब्रेटवर टाकून मांडीवर उलटा ठेवला. ही पद्धत त्याने आता नवीन लावून घेतली होती. दरवाजा उघडला, बंद केला, एका व्यक्तीला बाहेर पडायला सांगितलं, पंधरा मजले चढला. शेवटची ओळ त्याने नऊ वेळा घेतली. 'घाबरू नका. मदत येत आहे.' आठ वेळा ती जमीनदाराच्या आवाजात आली. नवव्यांदा जमली.

फाईल त्याने तिच्या मेलवरून पाठवली. सोबत लिहिलं, "दर ठरल्याप्रमाणे. पुन्हा मागू नये." खाली सही आपोआप उमटली, तिचं पूर्ण नाव आणि 'व्यवस्थापक'. दहा मिनिटांत उत्तर आलं. फाईल उत्तम आहे, पुढच्या महिन्यात पाण्याच्या पंपाचं काम आहे, पैसे शुक्रवारी निघतील. आणि शेवटी, "मॅडम, साहेब आता नीट वागतात ना?"

रेडिओने लिहिलं, "हो. बराच फरक आहे."

साड्या अजून कपाटातच आहेत. तिच्या मेलमध्ये सगळ्यात वर त्याने विचारलेला प्रश्न आहे, न उघडलेला. आणि मॅडम गेल्या, हे एजन्सीला सांगायचं राहिलं आहे.